मनुकांचे सरबत आणि कपाटातली बाटली



"बेने इस्राएलांत दारुडे नाहीत," हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याचा रागही येत नाही. दक्षिण इस्राएलमधील एका व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही काही मराठी बोलणारे रात्रीच्या पाळीला जातो. केंद्र नफ्यासाठी चालत नाही. देणग्यांवर कसेबसे चालते. तेथे रात्री दोन वाजता थरथरत्या हातांनी चहाचा पेला धरणारा आपला माणूस हिब्रू विसरतो आणि "आई गं" म्हणून कण्हतो. त्या वेळी उशाशी मराठी समजणारे कोणी तरी लागते. आमचे काम एवढेच.

सकाळी घरची माणसे येतात. पहिला प्रश्न प्रकृतीचा नसतो. "समाजात कोणाला कळणार नाही ना?" हा असतो. नाव आम्ही कधीच सांगत नाही. पण या लपवालपवीत पाच-दहा वर्षे जातात आणि रोगी आमच्याकडे पोहोचतो तो यकृत खराब झाल्यावर, याचा दोष कोणाचा?

आपले घरगुती उपायही ऐका. "लग्न लावून द्या, सुधारेल." म्हणजे एकाच्या व्यसनापायी दुसऱ्याच्या मुलीचा बळी! "खोलीत कोंडा, आपोआप सुटेल." वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस जरूर बोला, आम्हीही बोलतो. पण मलिद्याचे ताट उचलल्यावर त्याच घरात बाटली फुटत असेल, तर तो नवस कसला?

आपली परंपरा काय होती? कोकणातल्या गावांत आपल्या वाडवडिलांनी काळ्या मनुका भिजवून त्यांच्या सरबतावर किद्दुश केला. त्यांचा शब्बाथ उणा पडला नाही. पुढे मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि अनेक घरांत पिणे कपाटाआड गेले. कायदा तिकडेच राहिला. कपाट मात्र आपण सामानाबरोबर इकडे आणले! आज बार मित्स्वाच्या समारंभात "घेत नाही" म्हणणाऱ्याची थट्टा होते. आमच्याकडून बरा होऊन गेलेला माणूस अशाच एका थट्टेने पुन्हा आमच्या दारात येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. मराठी घरातले व्यसन मराठीतून, उघडपणे बोलता येते, हे तेथे सिद्ध झाले. मग आपणच का तोंड शिवून बसावे?

आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक सिनेगॉगने आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली द्यावी. रोग्यांच्या बायका-आयांनी तेथे मोकळेपणाने बसावे. किद्दुशच्या मेजावर द्राक्षारसाचाही पेला असावा, आणि तो उचलणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. समारंभावर हजारो शेकेल उधळणाऱ्यांनी त्यांतला थोडा भाग आपल्या गावाजवळच्या अशा केंद्राला द्यावा. आणि मराठी जाणणाऱ्या चार तरुणांनी रात्रीच्या पाळीला यावे.

समाजाची अब्रू बाटली लपवून राहत नाही. माणूस वाचला तरच ती राहते.