शोभेची विमाने

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे मिग-21 या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. 1963 साली वायुदलात दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे उडत राहिले, आणि त्यांतील पुष्कळशी विमाने आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात कामगारांनी घडवली. निरोपाच्या निमित्ताने त्याच्या रूपाचे पोवाडे गाइले गेले. ते त्रिकोणी पंख, नाकातच उघडणारे ते वाटोळे तोंड, बाणासारखा तो सडसडीत देह! छंदिष्टांच्या कपाटांतून त्याच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृती पुन्हा बाहेर निघाल्या. यंत्र निवृत्त झाले, त्याचे रूप मात्र सेवेत कायम राहिले.

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद निरुपद्रवी आहे, असे म्हणणारे भले लोक पुष्कळ आहेत. त्याने हाताला वळण लागते, यंत्रविद्येची गोडी लागते आणि वर देशाभिमानही जागतो, असा त्यांचा युक्तिवाद असतो. यातील पहिले विधान खोटे नाही. प्लास्टिकच्या चौकटीतून सुटे भाग कापावेत, कानशीने घासावेत, चिकटवावेत, रंगवावेत, याला चिकाटी लागते. परंतु सोनपेठच्या मुलांना हे वळण लागण्यासाठी परदेशी पेटीची वाट पाहावी लागलेली नाही. पोळ्याच्या आधी ओल्या मातीचा बैल करणारे पोर वशिंडाचा उंचवटा, शिंगांची वळणे आणि मानेची पोळी अचूक साधते. ती प्रतिकृतीच असते. फरक एवढाच, की त्या बैलाचे काम काय, त्याला वैरण किती लागते आणि दुष्काळात तो कोणत्या भावाने बाजारात जातो, हे त्या पोराला ठाऊक असते. विमान जोडणाऱ्या मुलाला त्याचा वेग पाठ असतो, पल्ला पाठ असतो. ते कोणावर काय टाकते हे मात्र पेटीवर लिहिलेले नसते.

हे न लिहिणे योगायोगाचे नाही. 1942 साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लक्ष छोटी विमाने करवून घेण्याची योजना आखली. प्रमाण एकास बहात्तर. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते, हे तोफेवरच्या सैनिकाला आकारावरून क्षणात ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणजे विमानाचे रूप निरखण्याची ही विद्या युद्धाच्याच शाळेत वाढली. युद्ध संपले, ते प्रमाण मात्र टिकले आणि एअरफिक्ससारख्या ब्रिटिश कंपन्यांनी त्यावर व्यापार उभारला. आरंभीच्या पेट्यांवर निदान जळणारी विमाने, बाँबचे स्फोट रंगवलेले असत. पुढे लोकांना ते रुचेना, तेव्हा चित्रांतल्या ज्वाळा पुसण्यात आल्या. विमान तेच, तोफा त्याच, फक्त आग तेवढी गेली! जर्मनीत तर कायद्याच्या भयाने हिटलरी विमानांच्या शेपटीवरचे स्वस्तिक छापले जात नाही. 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधील गेर्निका गाव ज्या जातीच्या विमानांनी बेचिराख केले, ती विमाने आज कपाटात अशी सोज्वळ होऊन उभी राहतात.

या धंद्याची दुसरी बाजू कामगाराची. एअरफिक्सच्या कितीतरी पेट्यांवर ‘भारतात निर्मित’ असा शिक्का असे. साचा इथल्या कामगाराने चालवायचा, नाव व नफा ब्रिटिश कंपनीचा, आणि तीच पेटी फिरून आपल्याकडे शौकिनांच्या दुकानात यायची. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा मजुरीचा दर दिवसाला 312 रुपये होता. चांगल्यापैकी एका जोडसंचासाठी अशा कित्येक दिवसांची मजुरी मोजावी लागते. सोनपेठच्या ऊसतोड मजुराच्या घरी ती पेटी येणार नाही, हे उघड आहे. त्याच्या घरी येतो तो तिचा झगमगाट: जत्रेतले प्लास्टिकचे विमान, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले पुठ्ठ्याचे राफेल, गणेशोत्सवाच्या देखाव्यातली दिव्यांची क्षेपणास्त्रे. आणि मग पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी तरुण पोरे दिसतात. त्यांना कोणी सांगत नाही, की 2022 च्या अग्निपथ योजनेप्रमाणे त्यांच्या वाट्याला येणारी नोकरी चार वर्षांची आहे आणि त्यानंतर फार तर शंभरातले पंचवीस ठेवून घेतले जातील. विमानाच्या रूपावर भाळायला सर्वांना बोलावले जाते; त्याच्या आसनावर कोण बसेल आणि चार वर्षांनी दाराबाहेर कोण उभा राहील, हे आधीच ठरलेले असते.

आसनावर बसलेल्याचे तरी काय झाले? मे 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की वायुदलाच्या 872 मिग विमानांपैकी 482 अपघातांत नष्ट झाली. 171 वैमानिक, 39 नागरिक व अन्य दलांतील 8 जण मरण पावले. निम्म्याहून अधिक विमाने शत्रूच्या गोळीविना पडली! पुण्याचा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 17 सप्टेंबर 2001 रोजी राजस्थानात मिग-21 सह कोसळला. त्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिदिनाचे झेंडे लागले होते. दोष वैमानिकाच्या माथी मारला गेला तेव्हा त्याच्या आईवडिलांनी, कविता व अनिल गाडगीळ यांनी, तो निमूटपणे स्वीकारला नाही. वर्षानुवर्षे ते सरकारशी झगडत राहिले. मुलाचे विमान त्यांनीही निरखले, पण ते सुटे भाग, देखभाल आणि प्रशिक्षण यांच्या बाजूने. विमानाकडे पाहण्याची खरी डोळस रीत हीच होती, आणि राज्यकर्त्यांना नको असते ती नेमकी हीच.

त्यांना हवी असते पूजा. 8 ऑक्टोबर 2019 रोजी, विजयादशमीला, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये पहिल्या राफेलवर ‘ॐ’ रेखला, नारळ ठेवला, आणि चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली. त्याच वर्षी दिल्लीत वायुसेनाप्रमुखांच्या निवासस्थानासमोर राफेलची प्रतिकृती उभी राहिली. खरे विमान अंबाल्याला उतरायला 2020 चा जुलै उजाडायचा होता. 36 विमानांचा सुमारे 59 हजार कोटींचा हा व्यवहार. त्याच्या किमतीबद्दल, अटींबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवायचे आणि प्रतिकृतीसमोर मात्र सर्वांनी छायाचित्रे काढून घ्यायची. लिंबाखाली हिशेबाची वहीही चिरडली गेली!

देशाला संरक्षण नको काय, हा प्रश्न आता येईलच. तो मराठवाड्यात विचारावा आणि इथल्याच इतिहासाकडे पाहावे. 1948 साली निजामाच्या राजवटीला शस्त्रे पुरवण्यासाठी सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक चोरून हैदराबाद संस्थानात विमाने आणीत होता. ती लँकेस्ट्रियन जातीची होती, म्हणजे जर्मन शहरे जाळणाऱ्या लँकेस्टरचेच मालवाहू रूप. त्यांतून उतरलेली हत्यारे ज्या राजवटीच्या हाती पडली, तिच्या छत्राखाली रझाकार गावोगाव रयतेला छळत होते. सप्टेंबरमध्ये भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट विमाने त्या राजवटीविरुद्ध उडाली, तेव्हा इथल्या माणसाने सुटकेचा श्वास सोडला. दोन्ही यंत्रे ब्रिटिशांच्याच कारखान्यांतली, दोन्ही दिसायला तितकीच रुबाबदार. पण त्याआधी सरहद्दीवरच्या कॅम्पांतून, तुरुंगांतून, सत्याग्रहांतून साध्या माणसांनी लढा पेटता ठेवला नसता, तर टेम्पेस्ट कोणासाठी उडाले असते? विमान कोणाच्या बाजूचे आहे, हे त्याच्या पंखांच्या आकारावरून कळत नाही. जोडसंचाची पेटी नेमका हाच प्रश्न पुसून टाकते, म्हणून ती निरुपद्रवी नाही.

मुलांच्या हातून विमाने काढून घ्यावीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. शिक्षक असलेल्या कार्यकर्त्यांनी प्रदर्शनातल्या त्या पुठ्ठ्याच्या राफेलशेजारी एक कागद लावावा: किंमत किती, पैसे कोणाचे, ते कोणी बनवले, पडले किती, मेले कोण. एवढे लिहायला मुलालाच सांगावे. त्याचा हात चालतोच आहे, डोकेही चालेल.

सोनपेठच्या शेतकऱ्याने एका विमानाची मात्र खरोखर वाट पाहिली होती. 2015 च्या आणि पुन्हा 2019 च्या दुष्काळी पावसाळ्यात कृत्रिम पावसासाठी औरंगाबादहून विमाने उडवण्यात आली. दोन पंख्यांची ती साधी विमाने, पंखांना क्षारांची नळकांडी बांधलेली. कपाशी माना टाकीत होती आणि माणसे कपाळावर हात धरून ढगांकडे पाहत होती. त्या विमानांवर कोणी नारळ ठेवल्याचे ऐकिवात नाही. ती दिसायला कशी होती, हे आज गावातल्या दहा माणसांना विचारले तर एकालाही सांगता येणार नाही.