साहेबांच्या पगाराला परवानगी कुणाची?

प्लेसमेंटच्या दिवसांत आपल्याला प्रत्येक कंपनीचं पॅकेज पाठ असतं. पण डायरेक्टरसाहेबांचा पगार कोण मंजूर करतं, माहीत आहे?

२०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे पब्लिक कंपनीच्या सगळ्या डायरेक्टरांचा मिळून पगार निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत हवा. जास्त हवा असेल तर फाईल दिल्लीला, केंद्र सरकारकडे जायची. १२ सप्टेंबर २०१८ पासून ते बंद झालं. आता शेअरहोल्डर्सचा विशेष ठराव पुरतो.

दिल्लीच्या ऑफिसरला कंपनीतलं काय कळणार, हे मान्य! पण जिथे बहुतेक शेअर्स मालकाच्याच घरात, तिथे हा ठराव म्हणजे मेस कमिटीने आपल्या ताटात किती गुलाबजाम हे आपणच ठरवण्यासारखं.

एक गोष्ट मात्र आवडली. कंपनीने बँकेचं कर्ज थकवलं असेल, तर आधी बँकेची परवानगी लागते. मग कामगारांचे पगार थकले असतील तर त्यांना का नको विचारायला? त्यांचेही पैसेच अडकलेत ना!

डायरेक्टरचा पगार हा पगाराच्या रांगेत बरोब्बर मधोमध असलेल्या कर्मचाऱ्याच्या कितीपट, हे लिस्टेड कंपनीला दरवर्षी छापावं लागतं. पुढच्या प्री-प्लेसमेंट टॉकला तो आकडा विचारा. एचआरवाले हसतील, हसू देत.