आधी फोन वाजू दे!

ओपन सोर्स म्हटलं की आमच्या काही मित्रांचा कंठ दाटून येतो. फोनवर लिनक्स चाललं, टर्मिनल उघडलं, की फोन तयार! अहो, पण कॉल आला तर वाजतो का?

हे आजचं नाही. २००७ साली ओपनमोकोचा निओ १९७३ आला, पुढच्या वर्षी फ्रीरनर. फ्रीरनरवरून बोलताना पलीकडच्याला गुणगुण ऐकू यायची, ती घालवायला चक्क बोर्डावर सोल्डरिंग करावं लागे! २००९ मध्ये कंपनीने पुढच्या फोनचं काम थांबवलं. प्युरिझमने २०१७ साली लिब्रेम ५ साठी लोकांकडून पैसे गोळा केले. वायदा जानेवारी २०१९ चा, पहिले फोन निघाले त्या वर्षाच्या उत्तरार्धात. २०२० मध्ये सुमारे १५० डॉलरचा पाइनफोन आला. तो हौशी प्रयोग करणाऱ्यांसाठी आहे असं पाइन६४ ने स्वतःच सांगितलं होतं. म्हणजे विकणारा प्रामाणिक, भक्तमंडळीच 'तयार, तयार' म्हणत सुटली.

खरी गोम झोपेत आहे. बॅटरी वाचवायला मुख्य प्रोसेसर झोपवायचा, मोडेम जागा ठेवायचा. कॉल आला की मोडेमने प्रोसेसरला उठवायचं. तो डोळे चोळत उठेपर्यंत पलीकडचा फोन ठेवून मोकळा! झोपूच दिलं नाही, तर संध्याकाळच्या आत बॅटरी संपते. त्यात मोडेमच्या पोटातलं फर्मवेअर बंदिस्त. फुकट राबणारे स्वयंसेवक तरी काय करणार?

कुणी म्हणेल, अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सच आहे. आहे ना! पण बँकेची, यूपीआयची अ‍ॅप्स अँड्रॉइड नि आयफोनसाठीच लिहिलेली असतात. भाजीवाल्याला काय टर्मिनल दाखवायचं?

गैरसमज नको. मायक्रोफोन आणि कॅमेरा खटक्याने तोडता येणारा फोन मलाही हवाय. म्हणूनच हा राग आहे. 'तयार आहे' म्हणून तुम्ही तो आईच्या हातात दिलात आणि दवाखान्यातून आलेला एक कॉल चुकला, की ती माउली जन्मात पुन्हा ओपन सोर्सचं नाव घेणार नाही. बरोबरच आहे तिचं!

तेव्हा मंडळी, कसोटी साधी ठेवा. कॉल आला की वाजावा, गजर वेळेवर व्हावा, बॅटरी दिवसभर पुरावी, ११२ हमखास लागावा. तोवर त्याला खिशातला छानसा संगणक म्हणा, हवं तर दोन विकत घ्या. फोन मात्र म्हणू नका.