‘जीव वाचला ना? मग थोडं दुखणारच!’ हे उत्तर आता बंद करा

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणाचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं असेल किंवा ठरलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या मामांच्या फुफ्फुसाभोवती पू झाला होता. छाती उघडून ऑपरेशन केलं. यशस्वी झालं, त्याबद्दल वाद नाही. मामा आज चालतेफिरते आहेत ते त्या डॉक्टरांमुळेच. पण दीड वर्ष झालं तरी माणसाला उजव्या कुशीवर झोपता येत नाही. शर्ट घासला तरी आग होते. पाण्याची बादली उचलली की बगलेखालून कळ निघते. तीन वेळा दाखवायला नेलं. तिन्ही वेळा एक्स-रे काढला, ‘फुफ्फुस छान फुगलंय’ म्हणाले. दुखण्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘जीव वाचला ना? मग थोडं दुखणारच. मनावर घेऊ नका.’

मनावर? अहो, हे दुखणं मनाचं नाही, नसेचं आहे.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक नस असते. छाती उघडताना दोन बरगड्यांमध्ये अवजार घालून त्या फाकवतात. त्यात ती नस ताणली जाते, चेपली जाते, कधी शेवटी बरगड्या जवळ आणायच्या टाक्यात सापडते. जखम भरते, पण नस चुकीचे निरोप पाठवत राहते. म्हणून नुसता कपडा लागला तरी भाजल्यासारखं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्या दुखण्याला वेगळं नाव आणि वेगळा क्रमांक आहे. म्हणजे जगाने आजार मानला, आपल्याकडे अजून ‘नाटक’.

आणि हे लाखात एकाला होतं असंही नाही. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये एक हिशेब मांडला गेला. तीन महिन्यांनी ५७ टक्के आणि सहा महिन्यांनी ४७ टक्के लोकांना दुखत होतं. साधारण निम्मे! ही गोष्ट सही घेताना किती जणांना सांगतात?

मग दुर्बिणीचं ऑपरेशन बरं का? हो, बरं. डेन्मार्कमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या २०६ रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाची छाती उघडली, दुसऱ्याचं दुर्बिणीने केलं. पट्ट्यासुद्धा सारख्याच लावल्या, म्हणजे कुणाचं कसं झालंय ते कळू नये. पहिल्या २४ तासांत बऱ्यापैकी दुखणारे पहिल्या गटात ६३ टक्के, दुर्बिणीच्या गटात ३८ टक्के. पुढे वर्षभर दुर्बिणीवाल्यांचं दुखणं कमीच राहिलं. २०१६ मध्ये हे छापून आलं. म्हणजे नवीन बातमी नाही.

पण थांबा. रस्त्याकडेचे ते बोर्ड बघा : ‘दुर्बिणीद्वारे वेदनारहित शस्त्रक्रिया!’ हेही खोटं. दुर्बिणीची नळीसुद्धा त्याच दोन बरगड्यांमधून जाते, तीच नस दाबू शकते. दुखणं कमी होतं, शून्य होत नाही. त्या बोर्डवर विश्वास ठेवून गेलेल्याचं दुखत राहिलं तर त्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

काही डॉक्टर मित्र म्हणतील, प्रत्येक केस दुर्बिणीने होत नाही. मान्य. पू जुना होऊन जाड थर बसला असेल, गाठ मोठी असेल, रक्तस्राव होत असेल, तर उघडावंच लागतं. माझा आक्षेप छाती उघडण्याला नाही. आक्षेप हा की दुर्बीण की चिरा, हे आजारावरून ठरावं, पाकिटावरून नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनला एकदाच वापरून टाकायचे महागडे स्टेपलर लागतात, यंत्रं लागतात, हात बसलेला सर्जन लागतो. ते सगळं सरकारी दवाखान्यात नसेल तर गरिबाच्या वाट्याला बरगड्या फाकवणंच येणार. आणि त्यानंतरचं दुखणंही त्याच्याच वाट्याला, ज्याचं पोट हातावर आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत :

१. सही घेण्याआधी मराठीत स्पष्ट सांगा : दुखणं महिनोन् महिने राहू शकतं, दुर्बिणीचा पर्याय आहे की नाही, नसेल तर का नाही.

२. ऑपरेशनच्या वेळी पाठीतून किंवा बरगडीजवळ नस बधिर करण्याची सोय प्रत्येकाला द्या. ही चैन नाही.

३. तीन महिन्यांनी एक्स-रेबरोबर एक प्रश्न विचारा : ‘दुखतंय का? किती?’ आणि उत्तर केसपेपरवर लिहा. लिहिलंच नाही तर मोजणार काय?

४. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दुखण्याची ओपीडी ठेवा. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात. साध्या पेनकिलरने पोट बिघडतं, दुखणं तसंच राहतं.

मामांना शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी नसेचं औषध दिलं. पूर्ण बरं नाही, पण आता रात्री चार-पाच तास सलग झोप लागते. दीड वर्ष लागलं, कारण कुणी विचारलंच नाही.

आज घरी जाऊन विचारा. वडिलांना, काकूंना, शेजारच्या आजोबांना : ‘ऑपरेशनच्या जागी अजून दुखतं का?’ बरेच जण ‘चालायचंच’ म्हणतील. ते उत्तर ऐकून गप्प बसू नका. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत आत जा आणि केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.