मंडळ गावाचं, वेळ बाईचा

'आमचं मंडळ म्हणजे सगळ्या गावाचं मंडळ!' क्रीडामंडळाच्या वर्धापनदिनी हे वाक्य हमखास ऐकू येतं. देवळी तालुक्यात बचत गटांबरोबर काम करताना मी ते कितीदा तरी ऐकलं आहे. आता त्याचा हिशेब मागायला हवा. गाव म्हणजे कोण?

देवळीला कुस्तीचा अभिमान आहे. जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा इथेच झाली. श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंड हिने कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून किताब जिंकला. आनंद मलाही झाला. पण पुरुषांचा महाराष्ट्र केसरी किताब १९६१ पासून दिला जातो आणि बायकांसाठी तो पहिल्यांदा दिला गेला २०२३ मध्ये, सांगलीला. मधली बासष्ट वर्षं बायका काय करत होत्या? त्या मंडळंच चालवत होत्या, फक्त मैदानाबाहेरून.

मंडळांची परंपरा मला मोडीत काढायची नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. गावोगावचे आखाडे आणि कबड्डीची मंडळं वर्गणीवर नि श्रमदानावर उभी राहिली. पण वर्गणी घरखर्चातूनच जाते ना? बाहेरून आलेल्या संघांचा स्वयंपाक कोण करतं? पहिलवानाच्या खुराकाचं दूध घरातल्या कोणाच्या वाट्यातून कमी होतं? जिंकून आलेल्यांना ओवाळायला आपण, आणि कार्यकारिणीच्या यादीत मात्र एकही बाई नाही. यालाच गावाची एकजूट म्हणायचं का?

'पोरी खेळायला येतच नाहीत, आम्ही काय करणार?' हे मंडळवाल्यांचं ठरलेलं उत्तर. एका मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी ते मलाही ऐकवलं. म्हणून मी घरोघरी विचारलं. एक आई म्हणाली, 'पोरीले पाठवाले माझी ना नाही ताई, पन तिच्या वाटचं काम कोन करन?' ही आई मागासलेली नाही. ती हिशेब मांडते आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे उठून वावरात जाते. मग पाणी, झाडलोट, धाकट्या भावंडांचं सगळं मुलीवर येतं. संध्याकाळी, नेमक्या सरावाच्या वेळेला, चूल पेटवायची असते. तिचा भाऊ मैदानावर असतो, कारण त्याच्या वाटचं कामही तीच करते. तिला हौस आहे, ताकद आहे. वेळ तेवढा नाही.

वेळेचा हा प्रश्न खेळात नवा नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातले गिरणी कामगार आणि खाण कामगार रग्बी खेळत. सामन्यासाठी खाडा झाला की मजुरी बुडे. ती भरून द्या, असं त्यांच्या क्लबांचं म्हणणं होतं. सुखवस्तू पुढारी म्हणाले, खेळ हौसेचा आहे, पैसे कसले? ज्याला फुरसत त्यालाच हौस परवडते, हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं, किंवा येऊ द्यायचं नव्हतं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. बुडालेल्या मजुरीपोटी खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देणं त्यांनी मान्य केलं. यातूनच रग्बी लीग हा खेळ आणि कामगार वस्त्यांचे क्लब घडले. पण कामगाराच्या बुडालेल्या वेळेचं मोल ओळखणाऱ्या या खेळातही बायकांची स्वतःची संघटना उभी राहायला १९८५ साल उजाडलं. गरिबांचं मंडळ असलं तरी ते आपोआप बायकांचं होत नाही, मैत्रिणींनो!

दुसरी सबब सुरक्षिततेची. २०२३ मध्ये ऑलिंपिक पदक जिंकलेल्या साक्षी मलिकसारख्या कुस्तीगिरांना लैंगिक छळाविरुद्ध दिल्लीच्या रस्त्यावर बसावं लागलं, पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. तेव्हा भीती खोटी नाही. पण उपाय मुलींना घरी बसवणं हा नाही. २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदानं आणि स्पर्धेची ठिकाणंसुद्धा 'कामाचं ठिकाण' धरली आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान संस्थेतली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. ही माहिती आखाड्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात का लिहिलेली नसते?

म्हणून आपल्या गटांनी पुढच्या वर्गणीच्या वेळी अटी घालाव्यात. कार्यकारिणीत निम्म्या बायका. मैदान आणि मॅट आठवड्याचे निम्मे दिवस मुलींसाठी, सरावाची वेळ मुलींना विचारून. वर्गणीतला ठरलेला वाटा मुलींच्या प्रवासासाठी आणि खुराकासाठी. स्पर्धेचा स्वयंपाक पुरुषांनीही करायचा. आणि सर्वांत अवघड अट घरातली आहे: सरावाच्या दिवशी पाणी भाऊ भरेल.

हे मान्य नसेल तर वर्गणीची पावती फाडायची नाही आणि चहाही करायचा नाही. एक हंगाम करून बघू या. मंडळ कोणाच्या वेळेवर उभं आहे, ते पहिल्याच सामन्याच्या दिवशी गावाला कळेल.