नावं तरी बघा राव!

नेटफ्लिक्सनं २०१७ साली ‘स्किप इंट्रो’चं बटण आणलं आणि आपल्या अंगठ्याला नवा चाळा मिळाला. ऑफिसात दिवसभर डोकं पिकलेलं, रात्री अकराला कसाबसा एक एपिसोड बघायचा, त्यात नावं कोण बघत बसणार? थिएटरातही तेच. टायटल्स म्हणजे अंधारात सीट शोधायची आणि मोबाइल सायलेंटवर टाकायची वेळ!

हे दुखणं जुनं आहे, बरं का. अमेरिकेत एकेकाळी टायटल्स चक्क बंद पडद्यावरच दाखवायचे. पडदा सरकायचा तो ती संपल्यावर. १९५५ मध्ये ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ आला तेव्हा दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरनं रिळांच्या डब्यांवर चिठ्ठ्याच लावल्या, की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. कारण ती सॉल बास या ग्राफिक डिझायनरनं केली होती. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या सरकत राहतात आणि शेवटी त्यातून एक वेडावाकडा हात तयार होतो. सिनेमा हेरॉइनच्या व्यसनाचा. फ्रँक सिनात्रा पडद्यावर यायच्या आधीच पोटात गोळा!

माझं फेव्हरिट मात्र डेव्हिड फिंचरचा ‘सेव्हन’ (१९९५). काइल कूपरची टायटल्स. कोणीतरी ब्लेडनं स्वतःच्या बोटांची कातडी सोलतोय, वह्या भरतोय, पानं शिवतोय. अक्षरंही खरवडल्यासारखी. चेहरा नाही. हा खुनी सिनेमात बऱ्याच उशिरा समोर येतो, पण तो तिकडे शांतपणे कामाला लागलाय हे आपल्याला टायटल्सच्या दोन मिनिटांतच कळलेलं असतं. ती दोन मिनिटं काढा, पुढचा सगळा तपास मिळमिळीत वाटेल. गंमत म्हणजे, ज्या नटानं हा रोल केलाय त्याचं नाव या टायटल्समध्ये मुद्दाम ठेवलेलंच नाही. (मीही सांगत नाही. न पाहिलेले असतीलच की.)

आणि मूड-बिड सोडा, नाव हीसुद्धा कमाईच असते ना? मी फ्रीलान्सर. लेखाखालचं नाव जागेअभावी उडालं की काय वाटतं, ते मला विचारा. १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती. सलीम-जावेदनी सरळ पेंटर गाठला आणि मुंबईतल्या पोस्टर्सवर आपली नावं रंगवून घेतली. कसला अॅटिट्यूड, बॉस!

स्पॉटबॉयला हे कुठून जमणार? म्हणून फराह खानचं मला कौतुक वाटतं. ‘ओम शांती ओम’च्या (२००७) शेवटी तिनं सगळ्या युनिटला रेड कार्पेटवर चालवलं, स्पॉटबॉईजसकट. फक्त तोवर मल्टिप्लेक्समधले दिवे लागलेले असतात, एक्झिटचं दार उघडलेलं असतं आणि आपण पार्किंगचं कुपन शोधत असतो.