जहाज तयार, माणसे कुठे?



शिबिरांतून फिरताना खतांच्या खालोखाल आम्हाला विचारला जाणारा प्रश्न भरतीचा असतो. "पोरगा बारावी झाला, नौदलात घालावा का?" विषय शेतीखात्याचा नव्हे. पण घरातला एक हात चार वर्षे कुठे जाणार, हे घराच्या हिशेबातलेच आहे. म्हणून आज थोडे जहाजांविषयी.

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत 'निलगिरी' ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. ती माझगाव गोदीत बांधलेली. याच नावाची, याच गोदीतली पहिली 'निलगिरी' 1972 साली दाखल झाली होती. जुनीचे वजन तीन हजार टनांच्या आसपास आणि तिच्यावर माणसे अडीचशेहून जास्त. नवी साडेसहा हजार टनांच्या वर, म्हणजे दुपटीहून मोठी, पण माणसे सव्वादोनशेच्या आसपास. मोटेच्या जागी विजेची मोटर आली तसेच हे झाले. मोटेला बैलजोडी लागे, हाकणारा लागे, दारे धरणारा वेगळा. मोटरला एक बटण पुरते. मात्र मोट बिघडली तर गावातल्या गावात दुरुस्त होई. मोटर जळाली की वाइंडिंगवाल्याकडे तालुक्याला धावावे लागते. समुद्रात तालुका नसतो. कारागीर जहाजावरच असावा लागतो, आणि तो कच्चा असून चालत नाही.

मग यंत्रे एवढी आली तर माणसे आणखी का कमी करू नयेत? अमेरिकेने ते करून पाहिले. 'लिटोरल कॉम्बॅट शिप' या जातीच्या जहाजांवर मूळ खलाशी अवघे 40 धरले होते. काम झेपेना, तेव्हा संख्या वाढवावी लागली. जहाज चोवीस तास चालते, म्हणून एकेका जागेला पाळीपाळीने दोन-तीन माणसे लागतात. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शिवाय आग लागली किंवा तळाला भोक पडले, तर शेवटी हातच कामाला येतात.

आणि हातच मिळाले नाहीत तर काय होते, ते ब्रिटनकडे पाहावे. एके काळी जगभर ज्यांचे आरमार फिरे, त्यांच्या युद्धनौकांना भर समुद्रात तेल व माल पोचवणारा 'रॉयल फ्लीट ऑक्झिलिअरी' नावाचा ताफा आहे. त्यातले 'फोर्ट व्हिक्टोरिया' हे मोठे मालजहाज माणसांअभावी धक्क्याला बांधून ठेवावे लागले. पगार महागाईच्या मागे पडला, लोक सोडून गेले, आणि 2024 साली राहिलेल्यांनी संप केला. गडी नाही म्हणून औत खुंटीला टांगलेले आपण पाहतो. तिथे हजारो टनांचे जहाज टांगले गेले.

आपल्याकडेही 2023 साली संसदेत सांगितले गेले की नौदलात दहा हजारांहून अधिक नाविकांची उणीव आहे. इकडे जहाजे तर वाढायची आहेत. 2035 पर्यंत ताफा 175 च्या घरात न्यायचा, असा नौदलाचा बेत आहे. एकट्या 'विक्रांत'वर सुमारे 1600 माणसे लागतात.

ही भरती जून 2022 पासून 'अग्निवीर' म्हणून होते. वय साडेसतरा ते एकवीस आणि अविवाहित. गणित व पदार्थविज्ञान घेऊन बारावी झालेल्यांना एक वाट, दहावीवाल्यांना दुसरी. मुलींनाही प्रवेश आहे. पहिल्याच तुकडीत अडीचशेहून अधिक मुली होत्या. पहिले शिक्षण ओडिशात चिल्का सरोवराकाठी. पुढे कामाप्रमाणे वेगवेगळ्या शाळा. इंजिनाची आपल्या लोणावळ्याला आहे.

पगार पहिल्या वर्षी महिना 30 हजार. त्यातले 9 हजार कापून ठेवतात आणि तेवढेच सरकार घालते. चार वर्षांअखेर दहा लाखांवर रक्कम हाती येते, पण पेन्शन नाही. पूर्वी नाविकाची पहिली मुदतच 15 वर्षांची असे आणि पुढे पेन्शन मिळे. आता चारांतला फार तर एक कायम होतो.

पाडव्याला आलेल्या नव्या सालगड्याला बैलाची खोड आणि मोटरचा स्टार्टर कळायला वर्ष जाते. मग इंजिनघरातला पोरगा मुरतो न मुरतो तोच घरी परतावा, हे आम्हाला काही पटत नाही. यांत्रिक कामावरचे तरी जास्त ठेवावेत. पण नियम आज असा आहे, आणि घराने आखणी त्यावरच करावी.

तेव्हा मुलगा लागला म्हणून सात-नऊ वर्षांच्या हप्त्याचा ट्रॅक्टर त्याच्या पगारावर उचलू नये. मिळालेले दहा लाख घरच्या लग्नात जाणार नाहीत, हे त्याच्या आईने आधीच बजावून ठेवावे. निवडीला वाव मिळाला तर इंजिन, वीज असे काम मागावे. परत आला तरी ते अंगात राहते. सुटीवर आला की पुढच्या परीक्षेची पुस्तके हाती द्यावीत. आणि त्याच्या वाट्याची जमीन 'तो आता नोकरदार' म्हणून कुणाच्या नावावर करण्याची घाई नको. पाचव्या वर्षी तो दारात उभा असेल.

अर्ज नौदलाच्या संकेतस्थळावर भरतात. 'आपली ओळख आहे' म्हणत पैसे मागणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी.